दर शनिवारी सहा नंबर मिस मारतो: रेडियल इंजिनाचा खोकला कोणता आणि आजार कोणता

लक्षण असं. विमान आठवडाभर हँगरमध्ये उभं. शनिवारी सकाळी स्टार्टर दाबला की दोन-तीन सिलिंडर पेटतात, निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो, इंजिन खोकतं, शिंकतं, आणि मग एकेक करत बाकीचे सिलिंडर सूर धरतात. एकच धरत नाही. सहा नंबरचा. पाच-सात मिनिटं इंजिन लंगडत चालतं. कधी तो जागा होतो, कधी होतच नाही. प्लग बदलला की तो दिवस निभावतो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

मी ओंटारियोतल्या एका लहानशा धावपट्टीवर सुट्टीच्या दिवशी हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानावर हात काळे करतो. हे हार्वर्ड चौथ्या मालिकेतलं, इथेच कॅनडात, फोर्ट विल्यमच्या कारखान्यात बनलेलं. नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं आर-1340 वास्प हे रेडियल, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांचं इंजिन: नऊ सिलिंडर, 600 अश्वशक्ती. 1340 म्हणजे घनइंच, आपल्या हिशेबात 22 लिटर. एकेक सिलिंडर जवळजवळ अडीच लिटरचा, म्हणजे जुन्या साडेतीनशेच्या सात बुलेट एका सिलिंडरात मावतात. बुलेटचा आवाज ऐकून मान वळवणाऱ्या माणसाला या इंजिनासमोर उभं केलं की त्याची काय अवस्था होते, हे मी अनेकदा पाहिलंय.

आमची तीन महिन्यांची चूक नेमकी तिथेच होती. आम्ही सगळे या आवाजाच्या प्रेमात. सकाळचा तो खोकला, तो धूर, ती अडखळत सुरू होणारी घरघर म्हणजेच रेडियल, असं आम्ही धरून चाललो होतो. बघायला आलेली मंडळी त्याच क्षणासाठी मोबाइल वर धरून उभी असतात. म्हणून धूर वाढत गेला तरी कुणाला वावगं वाटलं नाही. उलट टाळ्या वाढल्या.

आधी जन्मजात लंगडेपणा ओळखा

रेडियल इंजिन निरोगी असलं तरी मोटारीच्या इंजिनासारखं एकसुरी वाजत नाही. नऊ सिलिंडर गोलाकार बसवलेले. पेटण्याचा क्रम एक सोडून एक: 1-3-5-7-9-2-4-6-8. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मधला दांडा, दर 80 अंश फिरला की एक स्फोट. कागदावर हे अगदी समान आहे. पण नऊपैकी एकच कनेक्टिंग रॉड थेट क्रँकवर बसतो, तो मास्टर रॉड. बाकीचे आठ त्या मास्टरच्या डोक्याभोवती पिनांनी टांगलेले. त्यामुळे प्रत्येक पिस्टनची चाल किंचित वेगळी होते आणि प्रत्येक जण माथ्यावर किंचित मागेपुढे पोचतो. काही इंजिनांत तर मॅग्नेटोच्या (प्लगांना ठिणगी पुरवणारं यंत्र, इंजिनाला असे दोन) कॅमवर प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा उंचवटा कापून हा फरक सांधलेला असतो. त्यात हार्वर्डचा एक्झॉस्ट: नऊ सिलिंडरांचा धूर एका कड्यात गोळा होऊन एकाच तोंडातून बाहेर पडतो. कुणाचा रस्ता वीतभर, कुणाचा इंजिनाला अर्धा वळसा घालून. निघताना समान अंतरावर असलेले धक्के बाहेर पडेपर्यंत मागेपुढे होतात. कानाला जी लय गोड लागते ती यातून येते.

(हार्वर्ड उडताना जी कर्कश किंचाळी ऐकू येते तिच्याशी मात्र एक्झॉस्टचा फारसा संबंध नाही. ती पंख्याची. पंखा नऊ फुटी आणि गिअरशिवाय थेट क्रँकवर. 2250 फेऱ्यांना पात्याचं टोक सेकंदाला 320 मीटरच्या पुढे जातं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या अगदी उंबऱ्यावर. आजूबाजूच्या वस्तीतून तक्रारी येतात त्या त्या किंचाळीच्या.)

आता एक सिलिंडर गेला तर काय ऐकू येतं? मिनिटाला 600 फेऱ्यांवर आरामात चालणाऱ्या या इंजिनात सेकंदाला 45 स्फोट होतात. ते सुटे मोजता येत नाहीत, त्यांची एक घरघर होते. पण मेलेल्या एका सिलिंडरची रिकामी जागा सेकंदाला पाच वेळा येते, आणि पाच हा आकडा कान सहज पकडतो. घरघरीच्या आत ठक-ठक-ठक-ठक-ठक अशी नेमाने बसणारी ठेच ऐकू आली तर ती लय नव्हे, तो दोष. निरोगी इंजिनाचा खोकला अनियमित असतो आणि मिनिटाभरात ओसरतो.

कुठला सिलिंडर ते शोधणं

यासाठी महागडं काही लागत नाही. ज्या मॅग्नेटोवर इंजिन जास्त लंगडतं त्यावर अर्धा-पाऊण मिनिट चालवायचं, त्याच मॅग्नेटोवर असताना मिक्स्चर (पेट्रोल कमीजास्त करणारा दांडा) ओढून बंद करायचं आणि लगेच प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट नळीचं तापमान बघायचं. इन्फ्रारेड बंदूक असेल तर उत्तम. आमच्याकडचा म्हातारा मेकॅनिक साबणाच्या फवारणी बाटलीत साधं पाणी भरतो आणि नळीच्या मुळाशी एकेक फवारा मारत जातो. चर्र, चर्र, चर्र... आणि सहा नंबरवर नुसते थेंब बसून राहतात. पाणी फक्त एक्झॉस्टच्या नळीवर, तापलेल्या सिलिंडर हेडवर चुकूनही नको. तडा गेला तर तो फवारा फार महागात पडेल.

सापडला सहा. पहिला संशय प्लगवर, तो सगळ्यांचाच असतो. सहाचे प्लग काढून दोन नंबरमध्ये घातले, दोनचे सहात. दोष प्लगबरोबर गेला नाही, सहातच राहिला. काढलेले प्लग काळे, चकचकीत, तेलाने थबथबलेले. इथे प्लग नीट वाचायला हवा. कोरडी मऊ काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. करडे टणक दाणे म्हणजे पेट्रोलमधलं शिसं. ओलं तेल म्हणजे तेलच. आम्ही ओलं तेल पाहिलं आणि तरीही हार्नेसच्या, म्हणजे प्लगांकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्याच्या, मागे लागलो, कारण हार्नेस जुना होता आणि जुन्या वस्तूवर आळ घ्यायला सोपं जातं. तारा तपासल्या, ठणठणीत. कॉम्प्रेशन बघितलं, 80 पौंड दाबाला 71 धरतंय. रिंगा, व्हॉल्व्ह ठीक.

मग इनटेक पाइप. हेही एक नेहमीचं दुखणं आहे, म्हणून सांगून ठेवतो. मिश्रण घेऊन सिलिंडरकडे जाणाऱ्या पाइपाचा क्रँककेसजवळचा, म्हणजे क्रँकच्या कवचाजवळचा, पॅकिंग नट ढिला पडला की हळू फेऱ्यांवर बाहेरची हवा आत ओढली जाते, तो एक सिलिंडर उपाशी राहतो आणि इंजिन अडखळतं. थ्रॉटल वाढवला की पाइपातला दाब वाढतो आणि सगळं गुळगुळीत. खूण म्हणजे त्या नटाभोवती निळा डाग, कारण 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग असतो. आमचा पाइप कोरडा होता. डाग नाही.

बाबांचा फोन

माझे बाबा हवाई दलात इंजिन फिटर होते. आपल्या हवाई दलाने 1970च्या दशकापर्यंत हार्वर्ड वापरली, बाबांची उमेदीची वर्षं त्यातच गेली. आता ते नाशिकला असतात, ऐंशीच्या घरात आहेत, आणि मी पाठवलेली इंजिनाची रेकॉर्डिंगं ते मोबाइल कानाला लावून नातवंडांच्या फोटोंपेक्षा जास्त वेळा ऐकतात, अशी आईची तक्रार आहे.

त्यांनी दोनदा ऐकलं आणि फोन केला.

"धूर किती वेळ टिकतो?"

"दोन-तीन मिनिटं. हल्ली जास्तच."

"पोट तेलकट होतं विमानाचं?"

"हो, पण रेडियलचं होतंच ना, बाबा?"

"होतं. पण किती? टाकीतलं तेल कधी मोजता तुम्ही लोक?"

"उडायच्या आधी. शनिवारी सकाळी. कमी असतं, मग भरतो."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "अरे, ते कमी नसतं. ते खाली जाऊन बसलेलं असतं. संध्याकाळी उतरल्यावर मोजून ठेव, आणि पुढच्या शनिवारी हात लावायच्या आधी परत मोज. तोवर प्लगाला हात लावू नकोस."

मोजलं. शनिवारी संध्याकाळच्या आणि पुढच्या शनिवारी सकाळच्या मापात जवळजवळ पाच लिटरचा फरक. तेल न भरता क्रँककेसच्या सम्पचा, म्हणजे तळाच्या खोलगट भागाचा, ड्रेन प्लग उघडला आणि खाली पाच लिटरचा डबा धरला. थंडगार, काळं, मधासारखं जाड तेल सावकाश उतरत राहिलं. डबा भरत आला, साडेचारच्या खुणेच्या वर, तेव्हा धार तुटली. निरोगी इंजिनात तिथून एवढं निघायचं काहीच कारण नाही.

सगळ्या खुणा तिथेच जुळल्या. तेलाची टाकी इंजिनापेक्षा वर आहे. टाकीतून इंजिनात जाणाऱ्या वाटेवर तेलगाळणीपाशी एक स्प्रिंगचा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. पंप बंद असताना नुसत्या वजनाने तेल खाली उतरू नये एवढंच त्याचं काम. तो नीट बसत नव्हता. इंजिन बंद झालं की गरम, पातळ तेल टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपत राही, आणि तिथून रिंगांच्या फटीतून खालच्या सिलिंडरांत. नऊ सिलिंडरांत एक नंबर डोक्यावर, म्हणून पाच आणि सहा तळाशी, त्यांच्या शेजारी चार आणि सात. सहाच्या रिंगा थोड्या जास्त उदार असाव्यात. आम्ही सकाळी टाकी कमी बघून भरत होतो. इंजिन चालू झालं की स्कॅव्हेंज पंप क्रँककेसमधलं तेल टाकीत परत पाठवी, टाकी ओसंडे, आणि जास्तीचं तेल व्हेंटमधून बाहेर पडून विमानाच्या पोटाला लागे. आणि आम्ही वहीत लिहीत होतो: इंजिन तेल फार पितं.

व्हॉल्व्ह काढला तेव्हा त्याच्या बैठकीवर तिळाएवढा कार्बनचा कण अडकलेला होता. साफ करून, बैठक हलक्या हाताने घासून, नवीन स्प्रिंग घालून बसवला. काम दोन तासांचं, शोध तीन महिन्यांचा.

हे हसण्यावारी नेण्यासारखं का नाही

प्लग भिजणं ही सौम्य शिक्षा. खरी भीती हायड्रॉलिक लॉकची, आणि ती समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. सिलिंडरचा आवाका अडीच लिटरच्या आसपास, कॉम्प्रेशनचं प्रमाण सहास एक. म्हणजे पिस्टन माथ्याला पोचतो तेव्हा वर उरलेली जागा साधारण अर्धा लिटर. प्रवासात विकत घेतो त्या पाण्याच्या लहान बाटलीएवढी. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. खालच्या सिलिंडरात त्या बाटलीपेक्षा जास्त तेल साचलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आला, तर काहीतरी वाकणार किंवा तुटणार. बहुतेक वेळा रॉड वाकतो. वाईट म्हणजे तो लगेच तुटेलच असं नाही. इंजिन थोडं खडबडून चालू होतं, सगळे हसतात, आणि वाकलेला रॉड कित्येक तासांनी, हवेत असताना तुटतो.

म्हणून इंजिन काही तास जरी उभं राहिलं असलं तरी स्टार्टरच्या आधी हाताने पंखा फिरवायचा. करणाऱ्यांपैकी निम्मे लोक हे चुकीचं करतात, म्हणून जरा सविस्तर.

मॅग्नेटो बंद, मिक्स्चर बंद, थ्रॉटल बंद, चाकांना ठोकळे. आणि एवढं करूनही पंखा जिवंत आहे असं समजूनच उभं राहायचं. मॅग्नेटो बंद करणारी तार ही खरं तर जमिनीला जोडणारी तार. ती आतल्या आत तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो चालूच असतो. मग पंखा फिरण्याच्या दिशेने, एकेक पातं, सावकाश. हार्वर्डचा पंखा दोन पात्यांचा, त्यामुळे चार पाती ओढली की क्रँकचे दोन फेरे होतात आणि नऊही सिलिंडर एकदा कॉम्प्रेशनमधून जातात. पण चारवर थांबू नका. इनटेक पाइपात साचलेलं तेल पहिल्या फेरीत सिलिंडरात ओढलं जातं आणि अडतं दुसऱ्या फेरीत. आम्ही बारा पाती ओढतो.

आणि पातं एकानेच ओढायचं. दोघं-तिघं मिळून हौसेने ओढतात, त्याचे फोटोही छान येतात. पण पिस्टन माथ्याच्या जवळ असताना सव्वा मीटर लांब पात्याच्या टोकाला लावलेला जोर रॉडवर कित्येक पटींनी वाढून पोचतो. तीन धट्टीकट्टी माणसं स्टार्टरइतकंच नुकसान करू शकतात. एका माणसाच्या हाताला अडथळा लागला, नेहमीच्या कॉम्प्रेशनचा मऊ लवचीक विरोध नाही तर भिंतीला टेकल्यासारखा, तर तिथेच थांबा.

तिथे जो मोह होतो तो उलटं फिरवायचा. उलटं फिरवलं की अडथळा खरंच जातो. पण जातो कुठे? इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल इनटेक पाइपात ढकललं जातं. तुम्ही खुश होऊन स्टार्टर दाबता, इंजिन वेग घेतं, आणि तेच तेल परत त्याच सिलिंडरात ओढलं जातं. आता मात्र पिस्टन हाताच्या नाही, इंजिनाच्या वेगाने येतोय. अडथळा लागला तर चार ते सात नंबरचे खालचे प्लग काढा, खाली ताटली धरा, तेल पूर्ण गळू द्या, प्लगाशिवाय पंखा फिरवून उरलेलं बाहेर काढा, इनटेक पाइपाला ड्रेन असेल तर तोही उघडा. मग स्वच्छ प्लग. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कुणी आधीच स्टार्टर मारून मोकळा झाला असेल, तर त्या दिवशी विमान उडत नाही, रॉड तपासल्याशिवाय पुढचे दिवसही नाही.

काही जण तेलाच्या वाटेवर हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बसवतात. संध्याकाळी बंद, सकाळी उघडा, झिरपायचा प्रश्नच नाही. माझं मत विचाराल तर नको. सकाळी तो उघडायला विसरलात तर इंजिनाला तेलच मिळत नाही, आणि त्याचा निकाल काही मिनिटांत लागतो. बसवायचाच असेल तर व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय स्टार्टर फिरणारच नाही अशी जोडणी करून बसवा. नुसत्या लाल फितीवर भरवसा ठेवू नका. माणूस फितीसकट विसरतो.

बंद करताना घ्यायची काळजी मात्र फुकट आहे. उतरल्यावर लगेच मिक्स्चर ओढू नका. हजार-बाराशे फेऱ्यांवर अर्धा-एक मिनिट चालू द्या, म्हणजे स्कॅव्हेंज पंप क्रँककेसमधलं तेल टाकीत पोचवतो आणि मग बंद करा. जमिनीवर उभं असताना पाचशे-सहाशेवर फार वेळ फुटफुटत ठेवू नका, हजाराच्या आसपास ठेवा. तो हळू लयीचा आवाज लोकांना आवडतो, प्लगांना नाही. विमान महिनाभर उभं राहणार असेल तर खालचे प्लग काढून त्या जागी आर्द्रता शोषणारे प्लग लावा.

2018 साली हवाई दलाच्या ताफ्यात आलेल्या 'परशुराम' या जुन्या डाकोटा मालवाहू विमानाचे व्हिडिओ पाहून मला दोघा-तिघांनी विचारलं, की चालू होताना एवढा धूर म्हणजे इंजिनं गेली का? नाही. तिथे एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला चौदा सिलिंडर आहेत, आणि खालच्यांत थोडं तेल उतरणारच. धूर येणं ठीक. तो किती वेळ टिकतो, आणि मागच्या महिन्यापेक्षा जास्त टिकतो का, हे बघायचं. आम्ही आता वहीत एक रकाना वाढवलाय: धूर, सेकंदांत. शिवाय तेलाचं माप दोन वेळा, संध्याकाळी आणि सकाळी.

व्हॉल्व्ह दुरुस्त केल्यावरच्या पहिल्या शनिवारी फरक लिटरभर होता. सम्पमधून वाटीभर निघालं. बारा पाती ओढली, कुठे अडलं नाही. स्टार्टर, तीन खोकले, एक पातळसा ढग, आणि चाळीस सेकंदांत नऊच्या नऊ. म्हातारा फवारणी बाटली घेऊन तयारच होता. सहा नंबरवर फवारा मारला आणि चर्र झाल्यावर त्याने बाटली टोपीसारखी वर केली. कुंपणापलीकडे उभा असलेला एक नेहमीचा प्रेक्षक मात्र हिरमुसला होता. म्हणाला, आज मजा नाही आली, मागच्या वेळी केवढा धूर होता.

ते रेकॉर्डिंग बाबांना पाठवलं. उत्तर आलं: "आता व्हॉल्व्हची क्लिअरन्स बघून घे. दोन नंबर जरा टकटक करतोय."